ऐकू येतं, ऐकू जात नाही

दादा: मग आता हा कॉम्प्युटर आहे की कान आहे, ते एकदा सांग.

बहीण: कॉम्प्युटरच आहे रे. पण फोनला आपण पटवून दिलंय की हे कानाला लावायचं यंत्र आहे. हेडफोन असतो ना, तसलं.

दादा: एवढं धूड? टेबलाखाली जेमतेम मावतं ते. आणि फोनला पटलं?

बहीण: फोन काही तुझ्यासारखा शंकेखोर नाही. समोरच्यानं सांगितलं, मी हेडफोन, की तो म्हणतो, असशील. ब्लूटूथमध्ये एवढा विश्वास ठेवावाच लागतो.

दादा: आणि फोन पलीकडे.

बहीण: फोन भिंतीपलीकडे, डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात, ड्रॉवरमध्ये. तिथं धूळ नाही, भुकटी नाही. इथं तुझ्या या कवळ्यांच्या कारखान्यात दोन फोन गेले, तिसरा मी जाऊ देणार नाही.

दादा: एकच गेला. दुसरा आजारी होता.

बहीण: पहिला प्लास्टरच्या वाडग्यात पडला आणि तुला पत्ताच नाही! प्लास्टर घट्ट झालं तेव्हा कळलं. हातोडीनं फोडून काढावा लागला.

दादा: निघाला तेव्हा वेळ बरोबर दाखवत होता.

बहीण: आणि दुसऱ्याच्या भोकाभोकात भुकटी. म्हणून हा सगळा खटाटोप. फोन तिकडे, आवाज इकडे. घंटा वाजली की दोन सेकंदांनी आपोआप उचलला जाईल. समोरचं बोलणं या स्पीकरमधून येईल, तुझं बोलणं या माईकमधून जाईल. तुझे हात मेणात असोत, प्लास्टरमध्ये असोत, तोंड रिकामं असलं की झालं.

दादा: आणि हे त्या लिनक्समुळे.

बहीण: लिनक्समुळे. डॉक्टरीणबाईंनी टाकून दिलेला हा कॉम्प्युटर, त्याच्यावर दुसरं काही धड चालेना. मी जुनी सिस्टिम काढून लिनक्स घातलं. पळायला लागला.

दादा: सैल नाही ना बसलं? आमच्यात सैल बसलं की दोन दिवसांत गिऱ्हाईक परत येतं.

बहीण: घट्ट बसलंय. सदतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर म्हणून लायनी जोडल्या मी. निवृत्तांच्या वर्गात सगळ्या बायका फोटो कसे पाठवायचे ते शिकत होत्या, मी एकटी मागच्या बाकावर हे शिकत होते. ऐक आता, एक गोष्ट समजून घे. यात दोन वाटा असतात. गाणी ऐकायची वाट वेगळी, बोलायची वेगळी. गाण्याच्या वाटेनं आवाज झकास, पण एकतर्फी. फोनमधून इकडे येतो, इथून काही जात नाही. बोलायच्या वाटेनं आवाज जरा डब्यातून आल्यासारखा, पण जा-ये दोन्ही.

दादा: एकतर्फी मला चालेल.

बहीण: तुला चालेलच! गेले चौदा महिने तेच चाललंय. पोरगी तिकडून बोलते, तू इकडून ‘हं’. गेल्या वेळचा तुमचा फोन किती वेळ चालला माहितीये? अकरा सेकंद. फोनवर लिहून येतं ते. अकरा सेकंदांत सात वेळा ‘हं’.

दादा: हाताला प्लास्टर होतं.

बहीण: हाताला होतं ना? जिभेला नव्हतं! म्हणून तर ही सबबच काढून टाकली मी. दादा, चार वाजता तिचा फोन येणार आहे. मी तिला शब्द दिलाय, आज बाबा बोलतील. ती म्हणाली, आत्या, हा शेवटचा. आज बोलले नाहीत तर पुन्हा मध्ये पडू नकोस, मीही फोन करणार नाही.

दादा: शेवटचा म्हणाली?

बहीण: शेवटचा म्हणाली. आणि ती तुझी अक्कलदाढ आहे. म्हणते ते करते.

दादा: …काय बोलू मी?

बहीण: ते मी काय सांगू? आणि हे काय, वाडगं कशाला घेतलंस? दहा मिनिटं राहिलीत!

दादा: एक साचा ओतून घेतो. हात रिकामे असले की मला काही सुचत नाही.

बहीण: ओत बाबा, ओत. ही जागा मात्र चकाचक केलीस आज. ओळखू येत नाही.

दादा: फोन येणार म्हणून सकाळी सगळं पुसून घेतलं. कोपरे न् कोपरे.

बहीण: फोनवरून कोपरे दिसत नाहीत रे दादा.

(स्पीकरमधून घंटा वाजते. दोनदा. मग थांबते.)

लेक: हॅलो? बाबा?

दादा: हं.

बहीण: दादा!

दादा: हं म्हणजे… मी आहे. बोल. बरी आहेस ना?

लेक: हॅलो? उचललाय ना फोन? सेकंद तर पळताहेत. म्हणजे उचललाय.

दादा: उचललाय, उचललाय. आपोआप उचलतो तो आता. बोल तू.

लेक: ठीक आहे. नेहमीसारखंच. ‘हं’सुद्धा नाही या वेळी.

दादा: अगं, दोनदा म्हणालो!

लेक: असू दे. मला वाटलंच होतं. आत्या म्हणाली बोलतील, पण मी तुम्हाला जन्मापासून ओळखते. म्हणून मी कागदावर लिहून आणलंय. तुम्ही बोलू नका, नुसतं ऐका. शेवटी एक प्रश्न आहे. त्याचं तेवढं उत्तर द्या.

दादा: ऑपरेटर, हिला ऐकू जात नाहीये.

बहीण: कळलं मला! थांब, बघते. येणारा आवाज येतोय, जाणारा जात नाहीये. वाट तर बोलायचीच आहे. मग घोडं कुठं अडलं?

लेक: एक नंबर. मी तुमची हातानं दात घडवायची विद्या टाकून मशीन घेतलं, असं तुम्ही म्हणता. म्हणजे तुम्ही म्हणत नाही, पण तुमचं गप्प बसणं तसं म्हणतं.

दादा: मी असं कधी म्हणालो? हे बघ, मी असं कधीच…

बहीण: दादा, ओरडून उपयोग नाही.

दादा: भिंतीपलीकडेच तर आहे फोन! हॅलो! ऐकू येतंय का?

बहीण: अरे, फोन स्वतःच्या कानांनी ऐकतच नाहीये आता. त्याला आपण सांगितलंय ना, तुझे कान म्हणजे हा कॉम्प्युटर. तू भिंत फोडून त्याच्यापुढे उभा राहिलास तरी तो बहिराच.

दादा: मग मी पलीकडे जाऊन फोनच हातात घेतो.

बहीण: कुलूप आहे. डॉक्टरीणबाई जेवायला घरी गेल्यात, पाचला येतील.

दादा: मग हे सगळं बंद कर. तुझं ते जोडलेलं तोडून टाक.

बहीण: तोडलं की आवाज परत फोनमध्ये जाईल. मग ती ड्रॉवरशी बोलत बसेल आणि आपल्याला तेही ऐकू यायचं नाही. तू गप्प बस, मला टाइप करू दे.

लेक: मशीन दात कापतं, बाबा. पण कोणता दात कसा असावा ते मीच ठरवते. आणि ते मला कुणी शिकवलं? आठ वर्षांची असताना तुम्ही मला स्टुलावर उभं करून विचारायचात, या दोन दातांत पिवळा कुठला? दोन्ही पांढरेच दिसायचे मला. रडायचे मी. मग एक दिवस दिसला पिवळा.

दादा: मंगळवार होता. उडी मारलीस स्टुलावरून. गुडघा फुटला.

बहीण: तुला वार आठवतो?

दादा: तू टाइप कर.

बहीण: करतेय. पासवर्ड मागतंय हे.

दादा: काहीच उमटत नाहीये तिथं. कीबोर्डही गेला वाटतं.

बहीण: उमटत नसतोच तो. लिनक्समध्ये पासवर्ड टाकताना पडद्यावर काही दिसत नाही. मनातल्या मनात टाकायचा.

दादा: मग चुकला की बरोबर, कसं कळणार?

बहीण: चुकला की ते सांगतं. …चुकला. तू कानाशी बडबडू नकोस रे!

लेक: दोन नंबर. माझ्या दुकानाच्या उद्घाटनाचा दिवस. बाबा, त्या दिवशी पन्नास माणसं होती तिथं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी बघत होते फक्त तुमच्याकडे. तुम्ही मशीनमधून निघालेला पहिला दात उचललात. खिडकीशी नेलात, उजेडात धरलात. मला वाटलं, आता बोलतील. रंग चुकला म्हणतील, कड जाड म्हणतील, काहीही म्हणतील. तुम्ही दात खाली ठेवलात आणि म्हणालात, माझी बस आहे.

बहीण: हे मला माहीत नव्हतं. दादा, असं म्हणालास तू?

दादा: पासवर्ड टाक.

बहीण: टाकला. या वेळी घेतला. आता ही पट्टी बघ. माईकची आहे. तू बोललास की ती हलायला हवी. बोल काहीतरी.

दादा: काय बोलू?

बहीण: हेच! हाच तर रोग आहे! काहीही बोल!

दादा: एक, दोन, तीन, सुळा, दाढ, अक्कलदाढ!

बहीण: ढिम्म. मोठ्यानं बोल.

दादा: अक्कलदाढ!

बहीण: पालथ्या घड्यावर पाणी. थांब, माझ्याकडे माझा फोन आहे की! मी कशाला इथं डोकं फोडतेय? सरळ तिला फोन लावते आणि सांगते.

दादा: हे आधी नाही सुचलं? सदतीस वर्षं एक्स्चेंजमध्ये होतीस ना?

बहीण: लावला. …एंगेज.

दादा: असणारच! ती आपल्याशीच बोलतेय!

लेक: एक मिनिट हं, बाबा. आत्याचा फोन येतोय मध्येच. कापते मी. तिला काय, विचारायचं असेल, बोलले का बाबा. नंतर सांगेन तिला, नाही बोलले.

बहीण: कापला! माझा फोन कापला पोरीनं!

दादा: पुन्हा लाव.

बहीण: लावते. …पुन्हा कापला. मेसेज पाठवू का?

दादा: फोन कानाला लावलाय तिनं. कानानं वाचणार आहे?

लेक: तीन नंबर. हे जरा अवघड आहे. आई होती तेव्हा मला कधी कळलंच नाही की तुम्ही बोलत नाही. तुम्ही ‘हं’ म्हणायचात आणि आई फोनवर सांगायची, बाबा म्हणताहेत तब्येतीला जप. बाबा म्हणताहेत परीक्षा चांगली जाईल. मला वाटायचं तुम्ही खरंच एवढं सगळं म्हणताय. आई गेली आणि मग कळलं, ते सगळं आईचंच होतं.

दादा: नाही गं. आईचं नव्हतं ते. माझंच होतं. ती फक्त माझ्या तोंडावरून वाचायची. ऑपरेटर, हे तरी जाऊ दे ना तिच्यापर्यंत! एवढं एक वाक्य!

बहीण: दादा, घाई करू नकोस. काल तर सगळं चालत होतं. काल मी स्वतः बोलून बघितलं, पट्टी नाचत होती नुसती. काल आणि आजमध्ये झालं काय?

दादा: काही नाही झालं.

लेक: आता प्रश्न. बाबा, आज माझं दुसरं मशीन येतंय. खाली टेम्पो लागलाय. तिसरा मजला आहे, लिफ्ट नाही, चार माणसं ते उचलून जिन्यानं आणताहेत. ते मला विचारणार, कुठं ठेवायचं. आणि जागा एकच आहे, खिडकीपाशी. तिथं पहिल्या दिवसापासून एक टेबल आहे. रिकामं. त्यावर मी कुणाला काही ठेवू देत नाही.

दादा: कसलं टेबल?

लेक: तुमचं आहे ते. उद्घाटनाच्या दिवशी दाखवणार होते. तुमची बस होती.

बहीण: अगं माझे बाई.

लेक: एवढंच विचारायचंय. टेबल ठेवू की काढू? नुसतं ‘ठेव’ म्हणा. दोन अक्षरं. ‘हं’पेक्षा एकच जास्त. ही माणसं वर येईपर्यंत थांबते मी. मग ठेवते फोन.

दादा: ठेव! ठेव! ठेव!

बहीण: दादा, अरे हळू, शेजारी जमा होतील.

दादा: होऊ देत! ठेव म्हणतोय मी! ऑपरेटर, तुझा तो लिनक्स काय करतोय?

बहीण: लिनक्स त्याचं काम चोख करतोय! त्याच्याकडे आवाजच येत नाहीये, तर तो पुढे काय पाठवणार? सांग मला, आज सकाळी तू नक्की काय काय पुसलंस?

दादा: टेबल पुसलं. खिडकी पुसली. कॉम्प्युटरच्या मागे इतकी भुकटी साचली होती, ती झाडली.

बहीण: मागे? वायरी काढून?

दादा: काढल्याशिवाय कसं पुसणार? पण होत्या तशा परत लावल्या. मी काय अडाणी आहे? हिरवी हिरव्यात, गुलाबी गुलाबीत.

बहीण: माईकची पिन गुलाबी. गुलाबी भोकातच घातलीस?

दादा: म्हणजे… भोकं सगळी पांढरी झाली होती. प्लास्टरनं. स्पीकरची पहिल्याच भोकात बसली. माईकची एकात जाईना, दुसऱ्यात मस्त घट्ट बसली. तिथं लावली.

बहीण: जिथं घट्ट बसली तिथं!

दादा: आमच्यात घट्ट बसलं म्हणजे बरोबर.

बहीण: अरे, ती कवळी आहे का? जन्मभर लोकांच्या तोंडात नजर लावून बसलास आणि इथं चुकीच्या तोंडात घातलंस!

लेक: पहिल्या मजल्यावर आलेत. एकजण म्हणतोय, थांबू या. थांबा म्हटलं निवांत. बाबा, अजून वेळ आहे.

बहीण: काढ ती पिन आणि शेजारच्या भोकात घाल. पटकन!

दादा: जात नाही म्हणून तर इकडे घातली. प्लास्टर घट्ट झालंय आत. दगड झालाय.

बहीण: मग काय करायचं?

दादा: सरक, टेबलाखाली शिरतो. तिथली ती बारीक आकडी दे. ती नव्हे, तिच्या शेजारची. वाकडं टोक आहे ती. आणि टॉर्च धर.

बहीण: कशाला?

दादा: दातातली घाण काढायची आकडी आहे ती. हे माझं काम आहे, ऑपरेटर. तू टाइप करून कंटाळली असशील. टॉर्च हलवू नकोस.

बहीण: आधी बंद तर करू दे कॉम्प्युटर. शॉक बसेल.

दादा: बंद केला तर ती जाईल. टॉर्च धर म्हटलं ना!

लेक: बाबा, मला राग नाही तुमचा. आत्याला सांगते मी राग आहे, पण नाही. दमलेय फक्त. भिंतीशी टेनिस खेळल्यासारखं झालंय. चेंडू परत येतो, पण तो आपणच मारलेला असतो.

दादा: निघतंय. थोडं थोडं निघतंय. ऐक, तुला सांगतो, त्या दिवशी बस वगैरे काही नव्हती.

बहीण: काय?

दादा: पुढची बस तीन तासांनी होती. स्टँडवर जाऊन बसलो. बाकावर. एक माणूस येऊन विचारून गेला, काका, बरं वाटत नाही का? म्हटलं, बरं आहे. म्हटलं, लेकीचं दुकान बघून आलो.

बहीण: मग पळालास कशाला?

दादा: ते तिला सांगायचंय. फुंकर मार इथं. जोरात. बास. तिला सांगायचं होतं ते बसमध्ये चारदा घोकलं. घरी आलो, फोन लावायला घेतला, म्हटलं, आधी हात धुवू. हात धुतले, म्हटलं, आता उशीर झाला. दुसऱ्या दिवशी तिचाच फोन आला, आणि तोंडातून ‘हं’. चौदा महिने हात धुतोय नुसता.

बहीण: दादा, आत्ता किती बोललास तू.

दादा: टेबलाखाली आहे म्हणून. हात कामात आहेत म्हणून. तोंड कुणाला दिसत नाही म्हणून. दुसरा मजला म्हणाली का?

बहीण: अजून नाही.

लेक: दुसऱ्या मजल्यावर आलेत. जिन्याचं वळण अरुंद आहे, तिथं अडकलेत. उभं करा म्हणतोय एकजण. आडवंच राहू द्या हो! उभं करू नका, काच आहे आत!

दादा: अडकलंय तेवढं बरं झालं. अडकू दे अजून.

बहीण: अरे, तिचं मशीन फुटेल.

दादा: फुटू नये. नुसतं अडकावं. दिसलं! गुलाबी दिसलं! हिरडीसारखं गुलाबी. आण ती पिन.

लेक: निघालं. येताहेत वर. बाबा… बरं. मी आता ठेवते. जपा. मेणावर वाकून बसता, मान दुखते तुमची, मला माहितीये. आत्याला सांगा, फोन केला होता म्हणून.

बहीण: घाल दादा, घाल!

दादा: जातेय, जातेय… बसली!

बहीण: पट्टी हलली! दादा, पट्टी हलली!

लेक: हॅलो? कसली खरखर आली? आत्या? तुझा आवाज?

बहीण: ठेवू नकोस! ठेवलास तर बघ! आम्ही पहिल्यापासून इथंच आहोत! ओरडून ओरडून घसे बसले आमचे. तुझं सगळं ऐकलं आम्ही. आमचंच तिकडे येत नव्हतं.

लेक: सगळं ऐकलं? बाबांनी पण?

बहीण: एक नंबर, दोन नंबर, तीन नंबर, सगळं.

लेक: आणि बाबा काय म्हणाले?

बहीण: तुझे बाबा आज वर्षभराचं बोललेत, टेबलाखालून. विचार त्यांनाच.

लेक: बाबा?

दादा: हं.

बहीण: अरे देवा.

लेक: काय म्हणत होतात?

दादा: काही नाही. ते… पिन काढत होतो.

बहीण: दादा, आत्ता मला सांगितलंस ते सांग की तिला.

दादा: तू सांग ना. तू ऐकलंयस.

बहीण: नाही सांगणार. वहिनी सांगायची, म्हणून तू इतकी वर्षं मूग गिळून बसलास. मी नुसती जोडून देणारी आहे. जोडून दिलंय. आता तू आणि ती.

लेक: आले दारात ते. हो हो, एक मिनिट, धरून ठेवा जरा, खाली नका ठेवू. बाबा, माणसं खोळंबलीत.

दादा: जड आहे का?

लेक: चौघांना घाम फुटलाय.

दादा: त्यांना सांग, आतल्या भिंतीशी न्या.

लेक: काय?

दादा: खिडकीत मशीन कशाला ठेवतेस? मशीनला उजेड काय करायचाय? उजेड माणसाला लागतो. रंग बघायला.

लेक: आतल्या भिंतीशी जागा नाही, बाबा. तिथं कपाट आहे.

दादा: कपाट बाहेर काढा. कपाटाला काय, जिन्यातही उभं राहता येतं. टेबलाची उंची किती आहे?

लेक: तुमच्या टेबलाएवढीच. आत्याला मोजायला लावली होती.

दादा: ऑपरेटर, तू मोजलीस?

बहीण: तू प्लास्टर आणायला गेला होतास तेव्हा. पुढे बोल.

लेक: अहो भाऊ, कपाट बाहेर घ्या आधी. हो, कपाट. मशीन तिथं जाईल. नाही, टेबल नाही हलवायचं. टेबल तिथंच. …हं, बाबा, बोला.

दादा: त्या दिवशीचा तो दात. वरचा, पुढचा.

लेक: हं.

दादा: मी उजेडात धरला होता.

लेक: धरलात आणि खाली ठेवलात.

दादा: चूक शोधत होतो मी त्यात. एकदा बघितला, दोनदा बघितला, उलटा करून बघितला. सापडली नाही. चाळीस वर्षं मी चूक सापडली की तोंड उघडतो. तुझ्याशीही तसंच वागलो, स्टुलावर उभी होतीस तेव्हापासून. चूक नसली तर काय बोलायचं, ते मला येतच नाही. पन्नास माणसांत माझे डोळे भरून आले, म्हणून निघालो. बस नव्हती. चांगला झाला होता दात. माझ्याहून चांगला.

दादा: हॅलो?

दादा: ऑपरेटर, गेलं बघ परत. काही ऐकू येत नाहीये. पिन निघाली का?

बहीण: पिन जागेवर आहे.

दादा: मग ती गाण्याची वाट का कसली, तिकडे गेलं असेल. बघ ना जरा.

बहीण: कुठं गेलं नाही, दादा. लाइन चालू आहे.

दादा: मग बोलत का नाही ती?

बहीण: तुझीच मुलगी आहे. थांब जरा.